बी उचलायची की नाही? : माकडतापाची माहिती द्यायला येणाऱ्यांना खुलं पत्र

आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन या खात्यांतर्फे आमच्या वाड्यांवर येणाऱ्या सर्व साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

तुळशीचं लग्न परवा झालं. भात घरात आलं. आता दोन-अडीच महिन्यांत काजूची पहिली बी पडेल, आणि शिमग्याच्या आसपास माकडतापाची, म्हणजे रानातली गोचीड चावून माणसाला होणाऱ्या तापाची, माहिती द्यायला तुमची गाडी आमच्या वाडीत येईल. वर भोंगा, हातात पत्रकं, आणि पत्रकावर लाल अक्षरांत पहिली ओळ: ‘जंगलात जाणे टाळा.’ या वर्षी गाडी येण्याआधी चार शब्द आमच्याकडून तुमच्याकडे जावेत, म्हणून हे पत्र.

मी दोडामार्ग तालुक्यातली. सव्वाशे काजू, थोडी सुपारी, दोन गायी, एक पाडा. नाव लिहीत नाही, कारण यातलं निम्मं माझं एकटीचं नाही. बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर बायका जे बोलतात ते आहे.

आधी त्या लाल ओळीबद्दल. माझ्या न्हाणीच्या मागे गडगा (दगडी कुंपण) आहे. गडग्यापलीकडे काजू. काजूच्या वरच्या अंगाला रान. गुरं त्या रानात चरतात, चुलीची फाटी तिथूनच येते, सुपारीच्या बुंध्यात घालायचा आणि गोठ्यात पसरायचा पातेरो (सुका पालापाचोळा) तिथूनच येतो. यातलं कुठलं काम टाळायचं ते पत्रकात लिहिलेलं नसतं. गेल्या खेपेला एका मॅडमनी माझ्या जावेला हे समजावून सांगितलं, तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, ‘ता सगळा खरा, पण बी उचलूची की नाय?’ मॅडम हसल्या. सगळे हसले. उत्तर मात्र मिळालं नाही, आणि आमच्यासाठी सगळं त्या एका प्रश्नावर अडलेलं आहे.

काजू झाडावरून काढत नाहीत, पडलेली बी वेचतात. ती पडते पाचोळ्यात. एक दिवस नाही वेचली तर साळिंदर खातं, गुरं तुडवतात, अवकाळी पाऊस आला तर काळी पडते. म्हणजे फेब्रुवारी ते मे रोज सकाळी वाकून, हाताने पाचोळा चाळत फिरायचं. आणि माकडतापाचे महिने कुठले? डिसेंबर ते मे. आमच्या कमाईचं आणि त्या आजाराचं पंचांग एकच आहे. ‘लोक ऐकत नाहीत’ असं तुमच्या अहवालात लिहिण्याआधी ही दोन पंचांगं शेजारी शेजारी ठेवून बघा.

लोकांना गोचीड माहीत नाही असं समजू नका. आम्ही तिच्यासोबतच वाढलो. गोठ्यात गायीच्या कासेजवळ, कानात, शेपटीखाली हात फिरवला की बोटाला लागते. ती ओढून रॉकेलच्या डब्यात टाकायची, नखावर चिरडायची नाही, हे आमच्या आजीने शिकवलं. कोंबड्या गोठ्यात सोडायच्या, त्या टिपून खातात. तंबाखूचं पाणी, करंजेल, संध्याकाळी धूर. संकरित गायीला गोचीड ताप येतो, ती दोन दिवसांत खंगते, दूध तुटतं. लाल लघवी झाली की डॉक्टरला फोन करायचा. हे सगळं ज्ञानच आहे. पण ते गायीपुरतं आहे. गोचीड हा आमच्या डोक्यात गायीचा शत्रू, माणसाला ती फक्त खाज देते. ‘गोचीड काय आजची आसा?’ असं एखादा म्हातारा म्हणतो तेव्हा तो चेष्टा करत नसतो. साठ वर्षं चावून घेतलेल्या माणसाचा तो अनुभव असतो, आणि अनुभवाला पत्रकाने खोडता येत नाही.

आमची चूक कुठे होते तेही सांगते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल.

आम्हाला दिसते ती गोचीड फुगलेली, वाटाण्याएवढी, गायीवरची. ती बहुतेक करून वेगळ्या जातीची. सगळा जन्म एकाच जनावरावर काढणारी. माकडताप आणते ती प्रामुख्याने रानातली, हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिची रीत निराळी. आयुष्यात तीन वेळा रक्त पिते आणि तिन्ही वेळा वेगळ्या प्राण्याचं. पावसाळा संपता संपता अंड्यातून निघालेली पिल्लं उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकड असं जे मिळेल त्यावर चढतात. मग कात टाकून मधली अवस्था येते. ही तिळाएवढी, काही तर तिळाहून बारीक. हीच थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत पाचोळ्यात वाट बघत बसते आणि हीच माणसाला जास्त चावते. पूर्ण वाढलेली पावसाळ्यात, गुरांवर आणि रानातल्या मोठ्या जनावरांवर. म्हणजे जी दिसते तिला आम्ही घाबरतो आणि जी घातक ती दिसतच नाही. बी वेचून आल्यावर पायाला काळा ठिपका दिसला तर आम्ही त्याला धूळ समजून पुसतो.

हे मला कुठल्या सभेत कळलं नाही. आमच्या भागात तपासणीला आलेल्या एका तरुण मुलाने पांढरं फडकं पाचोळ्यावरून ओढलं, माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, काकी, मोजा. मी अकरा मोजले. पाहता पाहता ते ठिपके चालायला लागले. त्या दिवसापासून मी बागेतून आल्यावर पाय नीट बघते. तुमच्या शंभर पत्रकांपेक्षा ते फडकं भारी होतं. प्रत्येक वाडीत एकदा ओढा, बायकांसमोर ओढा, त्यांच्या स्वतःच्या काजूखाली ओढा.

दुसरी चूक नावाची आहे, आणि ती आमची नाही. ‘माकडताप’ म्हटल्यावर माणूस माकडाकडे बघणार. माकड आमचे नारळ पाडतात, केळी ओरबाडतात, त्यात आता ताप पण तेच आणतात असं झालं. खरं तर माकड आमच्यासारखंच यात सापडलेलं आहे. आमच्याहून जास्त, कारण ते पटकन मरतं. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. १९५७ मध्ये तिथे माकडं मरून पडायला लागली, पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसं तापाने फणफणली, आणि पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधून काढला. त्याला नाव त्या जंगलाचं दिलं, पण तिथल्या लोकांनीही कन्नडमध्ये त्याला माकडाचाच आजार म्हटलं. नाव आता बदलणार नाही. निदान चित्र तरी बदला. पत्रकावर माकडाचा मोठा फोटो असतो, गोचडीचा कोपऱ्यात. उलटं करा.

मेलेल्या माकडाबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण तिथे धोका खराच आहे. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचड्या उतरतात आणि भक्ष्य शोधत आसपास पसरतात. तेवढी जागा काही दिवस फार वाईट. तुम्ही सांगता, हात लावू नका, कळवा. पण आमच्याकडे माकड मेलं तर ते मारुतीचं. कोणीतरी त्याच्यावर पांढरं कापड घालतं, हळदकुंकू वाहतं, नारळ ठेवतं, चारजण उचलून खड्डा खणून पुरतात. पोरं भोवती उभी. यावर ‘अंधश्रद्धा सोडा’ असं एका साहेबांनी सुनावलं होतं, आणि त्यानंतर त्या वाडीने त्यांना काही कळवलं नाही. असं सांगा: नारळ ठेवा, पण वीस-पंचवीस पावलांवरून ठेवा, आमची माणसं अंगभर कपडे घालून येतील, ती अग्नी देतील, तुम्ही लांबून हात जोडा. हे ऐकतील. मला खात्री आहे, कारण करोनात स्वतःच्या माणसांना आम्ही लांबूनच हात जोडले.

न कळवण्याचं आणखी एक कारण आहे. ते कोणी तुमच्या तोंडावर बोलणार नाही, म्हणून मी लिहिते. माकड कुणाच्या बागेत पडलं हे जाहीर झालं की त्या बागेत गडी येत नाहीत. ऐन मार्चमध्ये. ‘माकड खंय पडला ता सांगा नको, नायतर कामाक कोण येवचो नाय.’ हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय आणि गप्प बसलेय. कळवणाऱ्याचं नाव झाकून ठेवा. दोन दिवसांच्या आत औषधाची पावडर मारून द्या आणि मारली हे वाडीत सांगून जा, म्हणजे गडी परत येतील. कळवल्यावर आठ दिवस कुणी फिरकत नसेल तर कळवणाऱ्याचं नुसतं नुकसानच होतं. पुढच्या वेळी तो फावडं घेऊन स्वतःच जातो.

हा आजार आमच्यापर्यंत कसा आला ते तुम्हाला माहीत आहे. पन्नासेक वर्षं तो कर्नाटकातच होता, मग २०१२-१३ च्या सुमारास बंदीपूर, निलगिरी, वायनाड इथे दिसला; २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात काजूच्या कामावरच्या माणसांना झाला; २०१६ च्या सुरुवातीला आमच्या तालुक्यात, पुढच्या वर्षी शेजारच्या सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला. आम्हाला ते पहिलं वर्ष आठवतं ते आकड्यांनी नाही. तापाला नाव नव्हतं, म्हणून आठवतं. अचानक थंडी भरून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, कंबर आणि पोटऱ्या मोडल्यासारख्या, उलट्या. कुणी लेप्टो म्हणायचं, कुणी डेंग्यू, कुणी बाहेरची बाधा. माझी चुलती पाच-सहा दिवसांत उठून बसली, आम्ही देवाला नारळ दिला, आणि दोन आठवड्यांनी ताप परत उलटला. या वेळी ती बरळायला लागली, मान आखडली. तेव्हा गोव्याला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेली. वाचली. काही वाचले नाहीत. शंभरातले तीन ते पाच जातात असं डॉक्टर सांगतात, आणि विषाणू मारणारं असं खास औषध नाही. सलाईन, ताप, रक्तस्राव यांवर लक्ष ठेवायचं एवढंच. म्हणून तर लवकर पोचणं महत्त्वाचं. पण ‘ताप गेला तरी पुढचे दोन-तीन आठवडे पेशंटवर नजर ठेवा, परत उलटू शकतो’ हे वाक्य मला आजवर एकाही पत्रकात सापडलेलं नाही. ते माकडाच्या फोटोच्या जागी छापा.

आता उपायांकडे. गमबूट, लांब बाह्या, पँट मोज्यात खोचलेली. कागदावर बरोबर आहे. एप्रिलमध्ये अकरा वाजता आमच्या डोंगरउतारावर, सुक्या पाचोळ्यावर गमबूट घालून चालून बघा; पाय सटकतो, आत घाम साचतो, तासाभरात बूट गडग्यावर आणि बाई अनवाणी. बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, डोक्याला टॉवेल बांधतात. आमच्या गटातल्या एकीने जुन्या चादरीचे पायमोजे शिवले, गुडघ्यापर्यंत, नाडीचे, पांढरे. पांढरे अशासाठी की गोचीड चढली तर दिसते. त्याच्यावर तुम्ही वाटता ते गोचीड लांब ठेवणारं तेल चोळायचं. हे टिकलंय, कारण गरम होत नाही आणि फुकट आहे. असं काही शिवून द्यायचं काम बचत गटांना द्या. गमबुटांपेक्षा स्वस्त पडेल आणि वापरात राहील.

तेलाचंही तेच. डेपा तेल चांगलं आहे, ते आपल्याच संरक्षण खात्याच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं औषध आहे असं वाचलं तेव्हा अभिमान वाटला. पण ते आमच्या हातात पडतं मार्चमध्ये, घरटी एक बाटली. सहा माणसं, चार महिने, एक बाटली. संपली की लोक करंजेल नाहीतर खोबरेल लावतात आणि तेच पुरेसं आहे असं समजतात. तेल डिसेंबर उजाडायच्या आत द्या. आणि घाम आला की पुन्हा लावायचं असतं हे तोंडी सांगा. लोकांना ते मलमासारखं वाटतं, सकाळी एकदा लावलं की दिवसभराचं झालं.

एक गोष्ट आमच्याकडे आधीच आहे, तिचा उपयोग करून घ्या. कोकणात बागेतून आल्यावर संध्याकाळी न्हाणीत कढत पाण्याने आंघोळ करायची रीत आहे. गोचीड अंगावर चढल्या चढल्या चावत नाही, जागा शोधत फिरते. तेव्हा ती आंघोळ म्हणजे अर्धा बचाव. फक्त एवढंच सांगायचं की कामाचे कपडे न्हाणीबाहेरच्या वळणीवर टाकू नका, त्याच कढत पाण्यात बुडवा. आणि कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे बघा, पोरांचं केसांत बघा. आधीच्या रीतीला एक टाका जास्त घालायला सांगितला की बाया घालतात. अख्खी रीत बदला म्हटलं की मान हलवतात आणि घरी जातात.

तुमच्या यादीत नसलेली काही माणसं आहेत. शिमग्याला आणि मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतात. हौसेने बोंडू (काजूचं फळ) खायला, बी वेचायला पोरांना घेऊन रानात जातात, हाफ पँटवर. गोचीड चावून ताप यायला तीन ते आठ दिवस लागतात; तोवर ते विरार-डोंबिवलीला पोचलेले असतात आणि तिथल्या डॉक्टरला माकडताप सुचणारच नाही. त्याला कोण सांगणार की हा माणूस आठवड्यापूर्वी दोडामार्गात होता? परतीच्या एसटीत, रेल्वे स्टेशनवर एवढं लिहा: गावाहून आल्यावर ताप आला तर डॉक्टरला गावाचं नाव सांगा. आणि दुसरे, बागांवर राखणीला असलेले नेपाळी, रबराच्या मळ्यांतले केरळचे लोक, घाटावरून आणि बेळगावकडून आलेले मजूर. पाचोळ्यात सगळ्यात जास्त वेळ तेच असतात आणि तुमचा मराठी भोंगा त्यांच्या डोक्यावरून जातो.

लसीबद्दल लोक विचारतात. कर्नाटकात वर्षानुवर्षं जी लस देत होते तिचे दोन डोस घेतले तरी बचाव साधारण ६२ टक्के, तिसऱ्यानंतर ८३ च्या आसपास. पुन्हा दरवर्षी टोचून घ्यायची, आणि दंड सुजून दोन दिवस कामाची खोटी. २०२२ मध्ये ती बंदच झाली. नवी तयार होते आहे हे आम्ही वाचतो. होईल तेव्हा होईल. पण ‘लस कधी?’ या प्रश्नाला ‘लवकरच’ असं उत्तर देत जाऊ नका. लवकरच म्हटलं की माणूस तेल लावायचं सोडतो.

आणि रक्ताच्या नमुन्यांचं एकदा बघा. ताप आलेल्या घरातून नमुना नेता, चांगलं करता. निकाल मात्र घरी येत नाही. माझ्या दिराचा नमुना नेला त्याला तीन हंगाम झाले, त्याला काय झालं होतं ते अजून आम्हाला माहीत नाही. दुसऱ्या वेळी तुम्ही सुई घेऊन आलात तेव्हा त्याने हात पुढे केला नाही, तर त्याला आडमुठा म्हणालात.

जाता जाता थोडा आगाऊपणा. आमच्या तालुक्यात २००२ पासून हत्ती आहेत. हत्तीने केळी मोडल्या, माड पाडला तर पंचनामा होतो, कमी-जास्त का होईना भरपाई मिळते. वन्य प्राण्याने माणूस मारला तर त्याच्या घरच्यांना सरकार मदत देतं. गोचीडही रानातलीच. तिच्यामुळे कमावता माणूस महिनाभर आडवा पडला, ऐन हंगामात बाग तशीच राहिली, तर त्याला कुठलं खातं? हत्तीचं पाऊल दिसतं म्हणून त्याचा पंचनामा, आणि तिळाएवढ्या जनावराचा नाही, असं आहे का? हा प्रश्न मी हसत विचारत नाही.

तुम्ही वाईट माणसं नाही. तुमच्यातल्या आशाताई आमच्याच आहेत, रात्री-बेरात्री ताप मोजायला आल्यात. एका मॅडमनी स्वतःच्या स्कूटरवरून आमच्या शेजाऱ्याला तालुक्याला नेलंय. पण तुम्ही येता तेव्हा ‘लोकांना धोका समजत नाही’ असं धरून येता. आम्हाला धोका समजतो. तो आम्ही बाकीच्या धोक्यांच्या शेजारी ठेवून बघतो: सोसायटीचं कर्ज, पोराची फी, बीचा पडलेला भाव, अवकाळी. त्या रांगेत ताप चौथा-पाचवा येतो, आणि दरवर्षी येतोच असंही नाही. त्याला रांगेत वर आणायचं असेल तर भीती घालून भागणार नाही. वरचे धोके थोडे हलके करावे लागतील. ते तुमच्या एका खात्याचं काम नव्हे हे कळतं. पण तिन्ही खाती एका दिवशी एका गाडीतून आलात तरी पुष्कळ. आरोग्यवाले माणसाला तेल देतात, पशुवाले महिन्याने गायीला औषध मारतात, वनवाले माकड मोजतात, आणि गोचीड मात्र या तिघांमधून आरामात ये-जा करते.

म्हणून यंदा मार्चची वाट बघू नका. या महिन्यातच या, पहिली बी पडायच्या आत. सकाळी अकराची सभा लावू नका, तेव्हा वाडीत म्हातारे आणि कुत्री असतात. संध्याकाळी साडेसातनंतर देवळात या, देवाला गाऱ्हाणं घालून झालं की सगळे बसलेले असतात. पांढरं फडकं विसरू नका. आणि वाट आमच्या काजूतून आहे, तेव्हा येताना पँट मोज्यात खोचून या.

आपली,
दोडामार्ग तालुक्यातली एक काजूवाली